पुढच्या पानावर काय होतं?

प्रिय ताई,

मी २६ वर्षांची आहे. इंदिरानगरला राहते, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही सहा जण दर रविवारी सकाळी गोदापार्कला भेटतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. तीन वर्षं झाली, कधी वाजलं नव्हतं. यंदा आम्ही पाच भागांची एक इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीमाला वाचायला घेतली. (नाव तिने लिहिलंय. मी गाळलं, नाहीतर निम्मे वाचक माझं उत्तर सोडून त्या पुस्तकावरच तुटून पडतील.) तिसऱ्या भागात नायक नायिकेला 'तिच्याच भल्यासाठी' गडावर कोंडून ठेवतो, तिला आलेली पत्रं लपवतो आणि एकदा तिच्यावर हात उगारतो. चौथ्या भागात दोघांचं लग्न होतं. मला हे खटकलं आणि मी तसं बोलले. तर माझी कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणाली, "गोष्ट आहे ती. नाही पटत तर नको वाचू." लगेच आमच्यातला एक मित्र म्हणाला, "ज्यांना असला नायक आवडतो त्यांनी आधी स्वतःला तपासावं. असल्यांच्याच घरी बायका मार खातात." मैत्रीण रडली. दोन रविवार ती आलेली नाही. बाकीचे येतात, पण हवापाण्यावर बोलतात.

आणि खरं सांगू? तो तिसरा भाग मी चारदा वाचलाय. मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. मी ढोंगी आहे का? हे बोलायचं तरी कसं? शिवाय माझी चौदा वर्षांची मामेबहीण ती पुस्तकं मागतेय. देऊ का?

— चौथ्यांदा वाचणारी, नाशिक

अगं चौथ्यांदा वाचणारी,

ढोंगी नाहीस. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

हे सदर लिहायला लागण्याआधी तेवीस वर्षं मी रविवार कारंजाजवळच्या एका बोळात वाचनालय चालवलं. खासगी, वर्गणीचं. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय हाकेच्या अंतरावर असताना आमचं म्हणजे देवळासमोरचं फुलांचं दुकान. पण दुपारी दोन ते चार या वेळात आमच्याकडे बायकांची जी गर्दी व्हायची, ती मोठ्या वाचनालयानेही पाहिली नसेल. भांडी आवरून, पदराला हात पुसत यायच्या, उभ्या उभ्या दोन पानं वाचून पुस्तक पसंत करायच्या.

या बायका पुस्तकात लिहायच्या. नियमाची पाटी होती, "पुस्तकात खुणा करू नयेत." पाटीखालीच बसून पेन्सिलने लिहायच्या. एका कौटुंबिक कादंबरीचं एकशेदहावं पान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. नवरा बायकोला माहेरी जाऊ देत नाही, खोलीला बाहेरून कडी घालतो. समासात पेन्सिलने: "हा नवरा की राक्षस?" त्याखाली बॉलपेनने: "तिनेही उलट उत्तर द्यायला नको होतं." त्याखाली तिसरं अक्षर: "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या तरी सासूबाई आहात." आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: "भांडू नका. पुढचं पान वाचा."

पुढच्या पानावर नवरा गजरा घेऊन येतो. बायको हसते. प्रकरण संपतं. तिथे त्याच मुंगीच्या अक्षरात दोनच शब्द होते: "झालं? एवढंच?"

मराठीतले नामवंत समीक्षक मी बरेच वाचले, पण या "एवढंच?"च्या तोडीचं फार थोडं सापडलं. त्या बाईने लेखकाला कडी का घातलीस असं विचारलं नव्हतं. कडी घालणारे नवरे जगात असतात, तर गोष्टीतही असणार. तिची तक्रार गजऱ्याची होती. कडीचा हिशेब लेखकाने गजऱ्यावर मिटवला, हे तिला पटलं नव्हतं.

तुझ्या ग्रुपचं भांडण कडीवर अडकलंय. एक म्हणते, गोष्टीत कडी असली म्हणून बिघडलं कुठे. दुसरा म्हणतो, कडी आहे म्हणजे लेखक कडीवाला आणि वाचणारेही कडीवाले. पुढचं पान दोघांनीही उलटलेलं नाही.

आधी तुझ्या मैत्रिणीचं घेऊ, कारण निम्मं तिचं बरोबर आहे. गोष्टीत काहीही दाखवता येतं, आलंच पाहिजे. १९७० साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलं. एका घरातली माणसं पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. त्या नाटकात साडीवर रक्ताचा डाग दिसतो, त्याला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जायचं की हा निळा डाग लाल समजावा. विचार कर, लालच दाखवला असता तर कदाचित कुणाच्या लक्षातही राहिला नसता. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आपण अजून त्या डागाबद्दल बोलतोय. आणि त्या अख्ख्या नाटकात कुणी गजरा आणत नाही. जे केलं ते केलं, त्याला सुगंध मारलेला नाही. म्हणून तेवढं क्रौर्य असूनही ते नाटक क्रौर्याच्या बाजूचं आहे असं वाटत नाही.

पण मैत्रिणीचं ते "गोष्ट आहे" हे उरलेलं निम्मं मात्र मला मान्य नाही. गोष्टीने काही होत नसेल तर ती भागामागून भाग वाचते कशाला? गोष्टीने होतं, बरंच होतं. संभाजी महाराजांचंच बघ. कितीतरी नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी त्यांना व्यसनी, बेताल असं रंगवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच खरं धरलं. शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांच्याही डोक्यात नाटकातलाच संभाजी असायचा. ते चित्र पुसायला इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांना वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळावी लागली, तेव्हा १९६० साली त्यांनी लिहिलेलं संभाजी महाराजांचं चरित्र आलं. दोनच वर्षांनी आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' मध्ये बापलेकांना समोरासमोर उभं केलं, तर तिथला संभाजी दुखावलेला, समजून घ्यावासा वाटणारा मुलगा होता. त्याच विषयावर राग धरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. ज्या 'राजसंन्यास' नाटकातल्या संभाजीच्या चित्रणावरून टाकला ते नाटक गडकऱ्यांच्या हातून पुरंही झालं नव्हतं, आणि त्यांना जाऊन तेव्हा जवळपास शंभर वर्षं होत आली होती. संभाजी महाराजांची प्रतिमा बदलली ती बेंद्र्यांच्या कागदांनी. पुतळा पडल्याने नाटकातलं एक वाक्यही बदललं नाही.

आता हे सगळं म्हणजे हल्लीची खुळं आहेत, "प्रॉब्लेमॅटिक", "टॉक्सिक" वगैरे शब्द मोबाईलमधून आलेत, असं तुला कुणी सांगेल. (तो "प्रॉब्लेमॅटिक" शब्द मलाही आवडत नाही, पण कारण वेगळं आहे, पुढे सांगते.) त्याला पंचवटीत घेऊन जा. आपण राहतो त्या शहराचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं निम्मं गाव सांगतं. उरलेले नऊ शिखरांचं सांगतात, तो वाद सोड. शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे. आपण लहानपणी ते ऐकून हसलोय, चित्रात बघून टाळ्या वाजवल्यात. पण रामायण त्या नाकाला विसरत नाही, बघ. पुढच्याच पानावर खर चौदा हजारांची सेना घेऊन चालून येतो, त्यानंतर रावण, त्यानंतर सीताहरण, त्यानंतर लंका. एका नाकाचा हिशेब सगळ्यांना चुकवावा लागतो. ज्याने ही कथा रचली त्याने गजरा आणून विषय मिटवला नाही.

जिथे कथेने हिशेब अर्धवट सोडला असं वाटलं, तिथे बायकांनी तो हातात घेतला. माझी आजी निफाडकडची. जात्यावर बसली की गायची:

राम म्हनू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकनी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

गावोगावी शब्द थोडे बदलतात. अर्थ तोच. राम हलक्या दिलाचा! काळारामाच्या शहरापासून दहा कोसांवर पहाटेच्या अंधारात, दळण दळताना. आणि हीच आजी रामनवमीला पाळणा म्हणायची, कामदा एकादशीला रामरथ बघायला बैलगाडीतून यायची, रथाची दोरी हाताला लागली की दोन दिवस तोच हात कपाळाला लावायची. मी एकदा विचारलं होतं, "आजी, रामाला असं म्हणतेस आणि पुन्हा पाया पडतेस?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "आपल्याच मानसाला बोलतो ना आपन. परक्याला कोन बोलतं?"

तू चारदा वाचतेस आणि तुला खटकतं. आजीच्या जात्यापासून तू फार लांब नाहीस.

आता तुझा तो मित्र. त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्याच्यासारखीच चूक माझ्या वाचनालयात झाली आणि ती मी होऊ दिली.

समासातली भांडणं वाढली तेव्हा मी एक युक्ती केली. प्रत्येक गाजलेल्या पुस्तकाच्या शेवटी, तारखांच्या कागदाशेजारी, एक कोरा कागद चिकटवला. काय लिहायचं ते इथे लिहा, पुस्तक सोडा. फार चाललं ते. त्याच कडीवाल्या कादंबरीच्या कागदावर एका बाईने गोल अक्षरात लिहिलं, "शेवट फार आवडला. दोनदा वाचला." शेवट म्हणजे काय, तर तीनशेचाळीसाव्या पानावर तो नवरा सगळ्या घरादेखत बायकोची माफी मागतो. (हो, मुंगीच्या अक्षरवालीला दोनशेतीस पानं थांबावं लागलं. गजरा हा शेवटचा हिशेब नव्हता.) त्या गोल अक्षराखाली कुणीतरी तावातावाने लिहिलं, "असल्या बायकांमुळेच पुरुष माजतात."

अक्षरं मला सगळ्यांची ओळखू यायची, सही घ्यायचे ना. गोल अक्षरवाली चार महिने आली नाही. मग आली ती अनामत परत मागायला. मी म्हटलं, का हो सोडता? ती पिशवीचे बंद सारखे करत राहिली आणि म्हणाली, "ताई, चूक झाली म्हणणारा नवरा मी फक्त त्या पुस्तकातच बघितला. म्हणून दोनदा वाचलं."

मी तिचे पैसे दिले. ती गेल्यावर तो कागद फाडला. आज वाटतं, फाडायला नको होता. खाली तिसरी ओळ मी लिहायला हवी होती.

माणूस काय वाचतो त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय याचा अंदाज बांधणारे हमखास तोंडावर पडतात. मार खाणारी मार वाचते, कारण पुस्तकातला मार तिला हवा तिथे मिटता येतो. कधी आयुष्यात कुणी मोठ्या आवाजात बोललं नाही अशी मुलगीही तेच वाचते, कारण तिला गडाच्या काळोखाची भीती हवी असते, झोक्यावर हवी असते तशी. आणि कुणी वाचते कारण नायकाचे डोळे राखाडी आहेत. मला तेही कारण पुरतं. पुस्तकावर तुझ्या मित्राने हवं तेवढं तुटून पडावं, ते त्याचं कामच आहे. वाचणारीच्या घरात शिरायचं नाही.

त्याला हे चारचौघांत सांगू नकोस. एकटा गाठ. आणि आधी त्याला विचार की तुला एवढा राग का आला. "असल्यांच्याच घरी बायका मार खातात" हे वाक्य माणूस सहसा पुस्तकातून आणत नाही, कुठल्यातरी घरातून आणतो.

आता बोलायचं कसं. अगं, तू क्वालिटीत काम करतेस आणि मला विचारतेस? तुमच्याकडे एखादा पार्ट खराब निघाला तर तू "माल प्रॉब्लेमॅटिक आहे" असं लिहून पाठवतेस का? सुपरवायझर तो कागद तुझ्याच टेबलावर परत आणून ठेवील. तू व्हर्नियर लावतेस. कुठलं माप, किती हवं होतं, किती निघालं, टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत की बाहेर. मग रिवर्क की रिजेक्ट ते ठरतं. हेच पुस्तकाला लाव. म्हणून मला तो शब्द नको वाटतो. डॉक्टरने तपासून "काहीतरी आहे खरं" म्हणावं आणि फी घ्यावी, तसं होतं ते.

तुझ्याच पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची एक मोट बांधलीत. कोंडणं, पत्रं लपवणं, हात उगारणं. त्या सुट्या कर. कोंडलं तेव्हा गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगितली जाते, त्याच्या की तिच्या? तिची खोली आपल्याला आतून दिसते की दाराबाहेर उभं राहून? हात उगारल्यावर पुढच्या प्रकरणात ती त्याच्या शेजारी बसते तेव्हा लेखकाला तिची भीती आठवते का, की ती कोरी पाटी घेऊन बसते? त्याच्या मित्रांपैकी, नोकरांपैकी, कुणीतरी त्याला "हे चुकलं" म्हणतं का? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न पत्रांचा. ती लपवलेली पत्रं तिला पुढे सापडतात का? लग्नाआधी की नंतर? सापडली तर ती काय करते? तू चौथ्या भागात लग्न झालं एवढंच लिहिलंस. पाचव्याबद्दल एक अक्षर नाही.

पाचवा भाग सगळ्यांनी वाचून होईपर्यंत निकाल लावू नका. तुझ्या मित्राने तर वाचलाय का, याचीच मला शंका आहे. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९६९ मध्ये काकोडकर सुटले. कोर्टाने दोन-चार उतारे उचलून मत बनवलं नाही, अख्खी कथा समोर ठेवून तिचं वजन केलं. देशाच्या न्यायाधीशांना एका दिवाळी अंकासाठी एवढा वेळ काढता आला, तर तुम्हा सहा जणांना एक पाचवा भाग जड नाही.

हां, पूर्ण वाचूनही तुला वाटलं की लेखकाने गजऱ्यावर मिटवलंय, तर स्पष्ट म्हण. मला पुस्तक आवडतं आणि इथे ते खोटं बोलतं, अशी दोन्ही वाक्यं एका श्वासात बोलता येतात. ग्रुपमध्ये बोलताना सुरुवात मात्र त्या "चारदा वाचलंय" पासून कर. तू ते मला लिहिलंस, त्यांना सांगितलेलं दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तू बाहेरून दगड मारणारी आहेस. आतली आहेस हे कळलं की ऐकण्याची तऱ्हा बदलते.

आणि बोलून समाधान झालं नाही तर लिही. तिसऱ्या भागातलं ते गडावरचं प्रकरण खोलीच्या आतून लिहून बघ. इंग्रजीत याला फॅनफिक्शन म्हणतात आणि काहीजण नाक मुरडतात, पण पुस्तकाला दिलेलं उत्तर म्हणून त्याच्याकडे बघ. आपल्याच विहितगावचे दलित लेखक बाबूराव बागूल होते. ज्या काळारामाच्या दारात १९३० साली माणसांना आत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच परिसरातले. मराठी कथेत त्यांच्या माणसांना एकतर जागाच नव्हती, किंवा होती ती कीव करून घ्यायला. बागूलांनी १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह दिला, आणि त्यानंतर तसली कीव लिहिणाऱ्याला दोनदा विचार करावा लागला. तुझ्या गडावरच्या खोलीची आणि त्यांच्या लिखाणाची बरोबरी करत नाहीये मी, तेवढी अक्कल मला आहे. पण वाटेवर तेच गाव लागतं.

मामेबहिणीचं. पुस्तकावर मोठ्यांसाठी असं छापलं असेल, शृंगार फार उघडा असेल, तर दोन-तीन वर्षं थांबव, त्यात चर्चा नको. तसं नसेल तर दे. वाचनालयात आया येऊन सांगायच्या, "आमच्या मुलीला हे देऊ नका हं." मी ते पुस्तक टेबलाच्या खणात ठेवायचे. मुली धाकट्या भावाला पाठवून त्याच्या नावावर न्यायच्या आणि गच्चीवर बसून वाचायच्या, म्हणजे एकट्याने वाचायच्या, आणि कुणाला काही विचारायची सोयही उरायची नाही. ते जास्त वाईट.

फॅनफिक्शनवाल्यांचं मोठं संकेतस्थळ आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथली एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. लेखकाने गोष्ट टाकतानाच वर सांगायचं: यात भयंकर हिंसा आहे, मुख्य पात्र मरतं, बलात्कार आहे, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध आहे. किंवा मग सरळ लिहायचं की मी इशारे देत नाही, आपल्या जबाबदारीवर वाचा. गोष्ट चांगली की वाईट याबद्दल तो इशारा काही बोलत नाही. आपल्याकडे मिसळीला बसलं की पोऱ्या विचारतो ना, रस्सा तिखट की मध्यम? तो तुमची परीक्षा घेत नसतो. तसं बहिणीला तिसरा भाग देताना सांग, "यात तो तिला कोंडतो, हात उगारतो. वाचून झालं की मला फोन कर." आणि फोन आला की व्याख्यान देऊ नकोस. तिलाच विचार, ती पत्रं तू लपवली असतीस का? चौदा वर्षांची मुलगी काय उत्तर देईल याचा नेम नाही. माझ्या अनुभवाने तुम्हा सहाजणांपेक्षा सरळ देईल.

एक राहिलं, आणि ते मी मुद्दाम मागे ठेवलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मैत्रीण काय म्हणाली ते आहे, मित्र काय म्हणाला ते आहे, ती रडली ते आहे. त्यानंतर तू काय बोललीस ते नाही. एकदम दोन रविवारांनंतरचं आहे.

म्हणजे काही बोलली नाहीस.

कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, तिचं घर तुला माहीत असणार. रविवारची वाट बघू नकोस, कामावरून सुटलीस की जा. पुस्तक नेऊ नकोस. "त्याने तुला तसं म्हटलं तेव्हा मी गप्प बसले, ते माझं चुकलं," एवढं दारातच सांग. चहा होईपर्यंत कादंबरीचा विषय काढायचा नाही. काढलाच तर तिने काढू दे. मग तिलाही सांग की तिसरा भाग तू चारदा वाचलायस. मला वाटतं, तिचाही तोच आवडता निघेल.

पुढचा रविवार गोदापार्कऐवजी मिसळीच्या टेबलावर घ्या. तोंडात पाव असला की माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं ऐकतो.

आणि ती पत्रं तिला सापडली का, ते मला कळव. पाचवा भाग मी मागवलाय, पण इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, तोवर धीर निघायचा नाही.

तुझी,
ताई